कानामागचा रंग

पडदा वर जातो तो पुण्यातल्या मांजरी भागातल्या एका नव्याकोऱ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरावर. ओट्याशी विजयमालाबाई, हातात दुधाचा पेला, दुधात केशराच्या काड्या. समोर नाक मुरडून बसलेली त्यांची सून उत्कर्षा, दिवस अगदी भरत आलेले.

"आई, केशरानं कुणी गोरं होत नसतं हो."

"तू पी. माझ्या लग्नात करवल्या मला तव्याची पाठ म्हणत हुत्या. माझ्या नातवंडाला कुणी म्हणायचं न्हाई."

रोजचाच हा प्रवेश. त्या सकाळी मात्र उत्कर्षानं पेला खाली ठेवला. "आई, बाळ कालपासून हललंच नाही."

"शहाणं हाय. बापासारखं उंडारत न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या खऱ्या, पण मुलगा विश्वजीत गाडीची किल्ली शोधेपर्यंत चपला घालून दारात त्याच उभ्या होत्या.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले आणि तिथल्या तिथं सिझेरियन ठरवलं. काही वेळानं सिस्टर बाळाला घेऊन लगबगीनं समोरून गेल्या. ओझरतं दिसलं ते एवढंच: मुलगी, आणि पांढरीफटक! विजयमालाबाईंनी सगळा मजला दणाणून सोडला. "केशर लागू पडलं! गोरीपान हाय!" लगेच नणंदेला फोन.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजी, तो गोरेपणा नाही. बाळाचं रक्त वारेतून आईच्या अंगात गेलंय, आणि फार गेलंय. उत्कर्षा ठीक आहे. बाळाला रक्त चढवतोय. आत्ताच काही सांगता येणार नाही."

फोनमधली नणंद एकटीच हॅलो, हॅलो करत राहिली.

विजयमालाबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गणपतीपाशी नऊ महिने जो रंग मागितला होता, तो मनातल्या मनात त्यांनी परत करून टाकला. सिस्टर दिसली की एकच प्रश्न.

"झाली का वो काळी?"

"आजी, आम्ही रक्त देतोय. रंगकाम समोरच्या दुकानात."

पोर हळूहळू गुलाबी झाली. मग अशी रडली की सिस्टरही हसल्या. आठवड्यानं ती आजीच्या मांडीवर आली. बाळाचा खरा रंग कानामागं कळतो, ही विजयमालाबाईंची जुनी खात्री. त्यांनी चष्मा चढवला, टोपडं सरकवलं, कान हलकेच दुमडून पाहिला. डोळे भरून आले, आवाज मात्र खणखणीत.

"विश्वजीत, पेढं आण! पोरगी माझ्यावर गेलीया. तव्याची पाठ हाय नुसती!"