दुपारचे तास

सदा मेल्यानंतरही माझी हजेरी लावत होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आज त्याचा स्मृतिदिन आणि आता माझं वय झालंय, म्हणून लिहितो. फोनवर मराठी टाइप करायला नातीने शिकवलं. चुका असतील.

आम्ही परळच्या एका चाळीत, एकाच मजल्यावर राहायचो. दोघंही आर्ट्सला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती.

मी दुपारी फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट. तो मिलमध्ये रात्रपाळीला.
म्हणजे सकाळी मी मोकळा, दुपारी तो.

हजेरी भरली नाही तर कॉलेज टर्म ग्रँट करत नसे. टर्म गेली की वर्ष गेलं.

आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं.
"एक वर्ष फुकट गेलं की कॉलेज बंद. माझ्याबरोबर मिलमध्ये यायचं."

सदाने ॲडमिशनच्या दिवशीच तोड काढली. चाळीच्या जिन्यावर बसून बी.ए.पर्यंतचे सगळे विषय ठरवून टाकले. कोणता विषय आवडतो हा प्रश्नच नव्हता. कोणत्या विषयाचे तास कधी असतात, एवढंच तो विचारून आला होता.

"विषय दोघांचे सेम. सकाळच्या तासांना तू बस, दुपारच्या मी. जो बसेल त्याने दोघांची हजेरी द्यायची. संध्याकाळी एकमेकांना शिकवायचं."

"संस्कृत घेऊ या?"

"ते सर तोंड बघून हजेरी घेतात. अर्धमागधी घे. इंटरला लॉजिक, ते दुपारी, माझ्याकडे. पुढे बी.ए.ला फिलॉसॉफी."

"मला हिस्ट्री घ्यायचीय रे."

"हिस्ट्री सकाळची. फिलॉसॉफी सगळी दुपारची. एक तरी विषय माझ्या आवडीचा होऊ दे की."

"बघू. अजून वेळ आहे."

"आत्ताच ठरव वश्या. मागाहून बोलणं होईल न होईल."

"का, कुठे चाललास?"

"जातोय कुठे. पाळी बदलली तर, म्हणून म्हणतो."

मी हो म्हटलं. मनात मात्र हिस्ट्रीच होती.

मिलमध्ये ओरडून बोलून सदाचा आवाज घोगरा झाला होता. माझा बारीक. माझी हजेरी देताना तो माझा आवाज काढायला बघायचा, पण जमायचं नाही. मागच्या बाकावरून घोगरंच "प्रेझेंट सर" यायचं.

लॉजिकचे सर हजेरी घेताना मान वर करत नसत.

आम्ही इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना, जानेवारीत चळवळीच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला.
सदा मोर्चात नव्हता. पाळी सुटून घरी येत होता.
लालबागच्या नाक्यावरून त्याला उचलून आणलं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा सदाचं नाव हजेरीतून काढलेलं होतं. मी सकाळी जात राहिलो. दुपारी ऑफिस सुटत नव्हतं. टर्म जाणार हे नक्की होतं. अण्णांना कसं सांगायचं, एवढंच उरलं होतं.

टर्म संपताना लॉजिकच्या सरांना विनंती करायला गेलो.

"सर, माझी हजेरी..."

"तुझी भरली की. एक तास चुकला नाहीस."

त्यांनी हजेरीपट उघडून दाखवला.

"मागे एकटा का बसतोस पण? पुढे बसत जा. आणि हजेरी देताना आवाज बसलेला असतो तुझा. आल्याचा काढा घे."

कुणीतरी प्रॉक्सी दिली असेल म्हणून वर्गातल्या मुलांना विचारलं.

"चेष्टा करतोस काय? तूच तर असतोस," एकजण म्हणाला. "आणि ऑफिसात टायपिंगच करतोस ना रे? केसात कापूस असतो तुझ्या."

मी पास झालो.

बी.ए.चे विषय सांगायची वेळ आली. हिस्ट्री घेतली असती तर सगळे तास सकाळी. मीच बसलो असतो. कुणाची गरज पडली नसती.

खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, "विषय?"

मी म्हणालो, "फिलॉसॉफी."

पुढची दोन वर्षं दुपारी वर्गात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी जिन्यावर पुस्तक उघडून एकटा बसायचो. समजायचं.

एकदाच ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आत हजेरी चालू होती. माझा नंबर आला.

"प्रेझेंट सर."

मी आत डोकावलो नाही. जिना उतरून परत ऑफिसला गेलो.

टर्म दरवेळी ग्रँट झाली. बी.ए. झालो. अण्णांनी चाळीत पेढे वाटले. सदाच्या आईने पेढा हातात धरून ठेवला. "त्यालापण हेच शिकायचं होतं ना रे?" म्हणाली. मी मान हलवली.

मग नोकरी, संसार, रिटायरमेंट. पुन्हा कधी काही झालं नाही.

हल्ली नात विचारते, "आजोबा, दुपारी हाक मारली की तुम्ही एवढ्या घोगऱ्या आवाजात 'ओ' का देता? घसा दुखतोय का?"

दुपारी मी झोपलेला असतो.

सदा, सगळे तास झाले रे. तुझे पण, माझे पण.
आता हाक आली की मीच ओ देईन.
तू घरी जा.

तुला शेवटचा नमस्कार.
तुझा वश्या