बाहीवरचा चीक

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की, जळगावच्या प्रशिक्षण केंद्रानं माझ्या मुलीला घेतलं नाही, कारण तिला केळी सोलता आली नाहीत. हे खोटं आहे. ती केळी मी सोलली होती.

मुलीला गोष्टी समजायला वेळ लागतो. अठराव्या वर्षी तिची विशेष शाळा संपली. पुढे काय, म्हणून शोधलं, तेव्हा तिच्यासारख्या मुलामुलींना वेफर्सचं काम शिकवणारं हे केंद्र सापडलं. प्रवेशाला एकच अट होती: बारा कच्ची केळी एकटीनं सोलायची. पालकांनी बाहेर थांबायचं.

मी थांबलो, पण खिडकीपाशी. पोरगी आधी चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल चोळत बसली. मग एक केळं, दुसरं, तिसरं, सगळं सावकाश. केंद्राच्या मॅडम फोन घ्यायला गेल्या, त्या लवकर येईनात आणि मला राहवेना. गजांतून हात घालून मी खिडकीलगतच्या टेबलावरची उरलेली नऊ केळी ओरबाडली.

"आबा, नको ना!"

मॅडम परतल्या. तीन केळी सुबक, नऊ खरवडलेली. "हे असं कसं गं?"

"आबांनी सोलली."

"काहीही सांगते हो ती," मी बाहेरून म्हणालो. मॅडमनी माझं ऐकलं. म्हणाल्या, अजून तयारी करून आणा.

घरी बायकोनं बाही धरली. ती धुळ्याकडची. "हाऊ डाग कसाना शे?"

केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. मी तो डाग चोपड्याच्या मित्राच्या केळीच्या बागेवर ढकलला. मुलगी पुन्हा म्हणाली, "आबांनी सोलली." मी तिला दटावलं, "खोटं बोलू नये." तेव्हापासून तिनं केळ्याला हात लावला नाही.

गेल्या महिन्यात तो शर्ट कपाटातून काढून दोघींसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"दीपनगरच्या वीज केंद्रात जन्मभर काम केलं," बायको म्हणाली, "अन् शॉक बसला केळीचा!"

मुलगी हसली नाही. "मी सांगितलं होतं. आता परत जायचं. तुम्ही हाच शर्ट घाला."

केंद्रावर मॅडमनी बाही बघितली, मग खिडकी. मी कबुली दिली.

"आबा, निदान तेल तरी लावायचं!" म्हणत त्यांनी मला पार फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि मुलीला नव्यानं बारा केळी दिली.

दीड तासानं मुलगी आली.

"चार मोडली."

"मग?"

"मोडलेल्यांची भाजी करणार. सोमवारपासून डबा घेऊन यायचं." माझ्या बाहीकडे बघून तिनं पुढचं सांगितलं, "मी यायचं. तुम्ही नाही."