दातांतला दोरा

सकाळी फोन आला. वहिनी एवढंच म्हणाली, “वन्सं, या...” आणि मी बोगादीहून विजयनगरला त्यांच्या घरी निघाले. अण्णा, माझा थोरला भाऊ, गेला होता. आता महिना उलटला, तरी रिक्षातला तो रस्ता मला काही केल्या आठवत नाही.

आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी. घरी विठ्ठल, दुकानात मशीन, तोंडी अर्धं कन्नड. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, अण्णासाठी आपल्या शेजारचं मशीन राखून ठेवलं होतं, आणि हा बाबा कॉलेज संपताच शिकाऊ मुलांच्या शिडाच्या जहाजावर भरती झाला. “सुई सोडून समुद्रावर चालला, तो माझा कोण?” अप्पा म्हणाले आणि त्याच्याशी बोलायचेच थांबले. हट्टात दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. मधल्या मधे आईच्या घशाखाली घास उतरेना.

पहिल्या सुट्टीला अण्णा काळाठिक्कर होऊन आला. अप्पा मशीनवरून उठले नाहीत. मग तो आईलाच सांगत बसला, पण अप्पांना ऐकू जाईल अशा बेताने. पहाटे अनवाणी डेक घासायचा, ओले दोर ओढून तळहात सोलायचे, डोलकाठीवर चढताना खाली बघायचं नाही, आणि ताटातली आमटी कधी मांडीवर येईल याचा नेम नाही. सारू-भातासाठी जीव तुटायचा म्हणे.

एकदा शीड उसवलं. ते उतरवायचं तर अर्धा दिवस जाणार, म्हणून वारा पडल्यावर वरच टाके घालायचं ठरलं. शिंप्याचं पोर म्हणून यालाच चढवलं. आता आमच्यात अंगावरचा कपडा शिवायचा झाला, तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत दोरा धरायचा, शिवून होईपर्यंत बोलायचं नाही. दोरा न धरता नुसता शिवतात तो मेलेल्याचा. शीड तर जहाजाच्या अंगावरच होतं... जहाजाला तोंड कुठलं? म्हणून त्याच्या वतीने यानेच दोरा धरला. खालून साहेब विचारतोय, किती राहिलं, हा गप्प. उद्धटपणा म्हणून आठवडाभर जादा डेक घासला.

मशीन थांबलं. अप्पांनी मान न वळवता विचारलं, “दोरा सोडला नाहीस ना?”

“नाही, अप्पा.”

“साकु,” ते कन्नडात म्हणाले, “पुरे झालं. हात धू, जेवायला बस.”

आई आत जाऊन रडली. पुढे अण्णा कुठे कुठे हिंडला, पण बाप-लेकांत अबोला म्हणून पुन्हा झाला नाही.

वहिनीचा फोन आला त्या दिवशी अण्णाला दिवाणखान्यात ठेवलं होतं. त्याची लेक बेंगळूरहून यायची होती. शर्टाचं वरचं बटण लोंबत होतं. शिंप्याच्या घरातलं माणूस असं जाऊ द्यायचं? मी सुई ओवली, दोऱ्याचा तुकडा तोडला आणि सवयीने त्याच्या ओठांशी नेला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

मग तो मी माझ्याच दातांत धरला. लोक येत होते, काहीबाही विचारत होते. बटण पक्कं होईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.