मावशीची उरलेली पानं

माझ्या मावशीने जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं. कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून तिची खोली होती. टेबल, संगणक, दम्याच्या रोग्यासारखा खोकणारा प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. भाडेकरार, घटस्फोटाचे अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. कीबोर्डकडे ती बघायचीही नाही. समोरच्या शिंप्याशी खिडकीतून गप्पा मारता मारता एखाद्याचा संसार मोडून द्यायची, तोही शुद्धलेखनाची एक चूक न करता.

मग बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ उघडेना. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर रांग लागलेली. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, जरा बेताने घ्या. मावशीला 'बेताने' हा शब्द पटला नाही. तिने विचारलं, "या बोटांत अजून टायपिंग किती उरलंय?"

असा प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारला नसावा. "धरा दोनेकशे पानं," ते हसत म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मावशीने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. समोरचा सांगेल ते बदलायचं नाही, ही तिची धंद्यातली सवय.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी जाडजूड प्रबंध घेऊन आला. आपल्याकडे एवढी पानं शिल्लक नाहीत, असं सांगून तिने तो परत केला. संध्याकाळी तो बिचारा कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे घेऊन हजर झाला.

त्याच आठवड्यात तिने खोली सोडली, संगणक घरी आणला आणि जाहीर केलं की उरलेलं सगळं टायपिंग आता स्वतःचं. ती स्वतःचं आयुष्य लिहिणार होती. काका पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, चला, बायको घरी तरी राहील.

पण लिहायला बसल्यावर घात झाला. पहिलं वाक्य आलं ते असं: 'मी, खाली सही करणार, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझं बालपण सुखात गेलं.' तिने ते वाचलं, तिला लाज वाटली, पण खोडायलाही बोटंच लागणार म्हणून वाक्य तसंच ठेवलं. पुढचा आठवडा ती पडद्याकडे बघत नुसती बसून होती.

इकडे काकांनी केस कापताना न्हाव्याला सांगितलं की आमच्या घरात आत्मचरित्र चाललंय. न्हाव्याला सांगणं आणि गावभर भोंगा लावणं यात फरक नाही. सगळ्यात आधी मावशीची नणंद आली, हातात प्रेशर कुकर. हाच कुकर आपण कधी नेलाच नव्हता, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. तिने तो ओट्यावर ठेवला आणि हळूच विचारलं, आपला उल्लेख कुठे आलाय का.

"अजून तुमच्यापर्यंत आले नाही, वन्सं," मावशी म्हणाली. ते खरंच होतं. नणंदेला ती धमकी वाटली. दुसऱ्या दिवशी तिने कुकरची शिट्टीही आणून दिली.

मग माझा मामा आला, मावशीचा धाकटा भाऊ. चहा पिऊन झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, तरी उठेना. शेवटी म्हणाला, "ताई, त्या पत्रांचं लिहू नकोस."

लग्नाआधी मामाने मामीला प्रेमपत्रं पाठवली होती. मामी आजही ती जपून ठेवते आणि मधूनमधून मोठ्याने वाचते. ती सगळी मावशीने रचून, टाइप करून दिली होती. त्यातलं एक असं सुरू होत होतं: 'आपल्या दिनांक बारा रोजीच्या हसण्यास अनुसरून कळविण्यात येते की, आम्हास तेव्हापासून झोप नाही.' मामाने ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. मावशी हसायला लागली ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मामाही हसला, पण जाताना लिहायचं नाही असं वचन घेऊन गेला.

तो गेल्यावर ती उठली आणि टाइप करू लागली. पत्रांचं नाही, वचन दिलं होतं. तिने टायपिंगच्या क्लासचं लिहिलं. तिथेच तिला काका पहिल्यांदा दिसले होते. शेजारच्या मशीनवर डोकं टेकून ते गाढ झोपलेले होते आणि उठले तेव्हा गालावर गोल गोल वळ उमटले होते. या वेळी सत्यप्रतिज्ञा मध्ये आली नाही. सगळं झरझर उतरत गेलं.

काकांनी पान वाचलं आणि चष्मा काढला.

"मी झोपलो नव्हतो."

"वळ मी डोळ्यांनी पाहिलेत."

"मान खाली घातली की तू तिरकी दिसायचीस. बघत होतो."

मावशीने विचारलं, हे इतक्या वर्षांत बोलला का नाहीत. काका म्हणाले, कुणी विचारलंच नाही. त्यांनी पान बदलायला सांगितलं. मावशी म्हणाली, तिला जे दिसलं ते तिने लिहिलं, त्यांचं म्हणणं असेल तर त्यांनी वेगळं टाइप करावं.

काका हट्टाला पेटले. क्लास त्यांनी महिनाभरात सोडला होता, त्यामुळे एका बोटाने सुरुवात झाली. 'झ' कुठे आहे, असं ते ओरडून विचारतात आणि मावशी स्वयंपाकघरातून सांगते. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी मला त्यांचं लिखाण दाखवलं. क्लासचा जिना झाला होता, मास्तरांचा खोकला झाला होता, खिडकीची तुटलेली काच झाली होती. मशीनवर मान अजून खाली गेली नव्हती.

मावशी मागे येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून वाचू लागली.

"माझ्याकडे कधी बघताय?" तिने विचारलं.

"येतोय," काका म्हणाले आणि पुढचं अक्षर शोधू लागले.