कुरणातलं उड्डाण

टायरच्या दुकानामुळे सगळे तिला पंक्चरताई म्हणत आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. ट्रकचं चाक एकटी उतरवणारी बाई. भिणं तिच्या स्वभावातच नव्हतं. धाकट्या भावानं जुनं दोन आसनी विमान घेतलं, मेंढ्यांच्या कुरणातच धावपट्टी केली, ना परवानगी ना पाहणी, तेव्हाही ती हसलीच.

"टायरमधली हवा तुझी, वरची माझी," तो म्हणायचा.

एके सकाळी निरोप आला, डोंगरापलीकडच्या शहरात मावशी अत्यवस्थ आहे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडणार.

"ताई, बस. जेवायच्या आत पोचवतो." सीटमागे त्यानं बटाट्यांची पोतीही कोंबली. मावशीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं, घोट्याच्या वर वाढलेलं. वर ऊन रणरणत होतं.

"वारा मागून येतोय ना रे? उठायला समोरून लागतो म्हणतोस ना?"

"उलट निघालो तर टेकडी आडवी येते. उठेल गं विमान!"

विमान धावू लागलं. चाकांना कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. अर्धं कुरण सरलं, तरी विमानाचं अंग हलकं होईना. टोकाचं दगडी कुंपण अंगावर येऊ लागलं.

"थांब! थांब रे!"

त्यानं दांडा पोटाशी ओढला. कुंपण पायाखालून गेलं. सुटलो, असं तिला वाटलं, तोच वेग कमी पडल्याचा भोंगा कर्कश वाजू लागला. डावा पंख खचला आणि नांगरलेली जमीन खिडकीत उभी राहिली.

शुद्ध आली तेव्हा ती पट्ट्याला उलटी लोंबकळत होती. बटाटे इकडेतिकडे पसरलेले. पेट्रोलचा वास नाकात घुसत होता, कुठेतरी टपटप चालू होती. भाऊ हालत नव्हता. स्वतःचा पट्टा सोडून ती डोक्यावर आपटली, फुटक्या काचेतून बाहेर सरपटली आणि त्याचाही पट्टा सोडून त्याला काखेत धरून ओढू लागली. त्याचा पाय अडकला होता. ती रडत, शिव्या देत ओढत राहिली. तो किंचाळला, तेव्हा तिला केवढा धीर आला! बांधापर्यंत पोचतात न पोचतात, तोच मागे भडका उडाला.

मावशी वाचली. भावाचा पाय मात्र गुडघ्यात कायमचा आखडला.

चौकशीला विमान खात्याचे साहेब यायच्या आधी भावाच्या बायकोनं विनवलं, "इंजिन बंद पडलं म्हणा." साहेबांसमोर ताई मात्र म्हणाली, "इंजिन ठणठणीत होतं. घाई आम्ही केली. मीही बसलेच ना?"

भावाचा परवाना गेला. त्यानं बोलणं टाकलं. दारावरून जाताना मान फिरवायचा. तिला ते जिव्हारी लागे, पण बोललेलं तिनं मागे घेतलं नाही.

मग एका दुपारी तो काठी टेकत दुकानात आला. बराच वेळ रबराचे तुकडे चाळवत राहिला.

"तू ओरडलीस ना, तेव्हा थांबता आलं असतं. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.