उजवीकडे कुवेत

फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट काढणारा माणूस सगळ्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा सख्खा चुलता निघावा! लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली की काका आधी वाढप्याकडे बघतात. "एवढ्या आग्रहानं वाढतूय म्हंजे कालची असंल." एसटीत कुणी उठून जागा दिली तर बसायच्या आधी बाकाखाली वाकून बघतात. एकदा गावात सरकारी डॉक्टर फुकट टोचायला आला, तर काकांनी त्यालाच ओटीवर बसवून, "तुमी सोता टोचून घेतलंय का?" अशी उलटतपासणी घेतली. डॉक्टर इतका घाबरला की चहा न पिताच गेला. काकांचं म्हणणं, चहा फुकट होता म्हणून त्यालाही संशय आला असणार.

तर अशा या माणसाला कुवेतची नोकरी चालून आली! काका ताम्हिणीच्या घाटातून कोळसा आणि हिरडा भरलेली लॉरी पुण्याला नेतात, आणि इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतात. त्यांचा फौजेतला एक जोडीदार तिकडे तेलाच्या कंपनीत लागलेला. त्यानं साहेबाच्या कानावर घातलं आणि कंपनीचा कागद आला. पगार इथल्या चौपट, तोही रुपयांत, कारण तिकडेही आपलाच रुपया चालतो. राहायला खोली, खोलीत पंखा, जेवण, औषधपाणी, बोटीचं जाण्यायेण्याचं भाडं, सगळं कंपनीचं. फक्त होय की नाही ते दसऱ्यापर्यंत कळवायचं. मी पुण्यात कॉलेजात शिकतो, म्हणून कागद वाचायचा मान माझा. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे रेडिओ नाचत होता. काका तिकडून पहिल्या खेपेला रेडिओ आणणार हे मी परस्पर ठरवून, तो ठेवायला कोनाडासुद्धा साफ केला होता!

आणि काका? काका सवलती तोलत होते. "पंखा देत्यात? म्हंजे तितं वारं न्हाई."

"काका, औषधं फुकट!"

"मग मानूस आजारी पडतच असंल. उगा कोन देतंय?"

"जेवण फुकट!"

"आंबेमोहर हाय का? न्हाई ना? मग ते जेवान न्हाई, चारा हाय."

"परतीचं भाडंसुद्धा देतात."

"तेच म्हंतो मी. कुनी टिकत न्हाई, म्हून आधीच तजवीज करून ठेवलीया."

बरं, कागदात एक ओळ अशीही होती की बायकोला सोबत नेता येणार नाही, आणि घरी यायला सुट्टी दोन वर्षांनी. खोट काढायला इतकी आयती जागा दुसरी नव्हती. पण मी ती ओळ वाचायला लागलो की काकांना लॉरीच्या चाकातली हवा बघायची आठवण व्हायची. चांगली तीनदा हवा बघून झाली.

काकी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायची. दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे दिवसभर एकमेकांना टोचून बोलणं हाच त्यांचा संसार. "अवं, जावा की येकदाचं," ती म्हणायची. "तुमी गेलासा की माज्या भाताला नावं ठेवनारं तरी कमी हुईल." काका रोज जेवताना भातात काहीतरी काढायचेच. कधी फडफडीत, कधी गिजका. पण हंडी रिकामी करून उठायचे.

शेवटी काकांनी जाहीर केलं की देवीला कौल लावायचा. ओढ्याकाठी पत्र्याखाली आमच्या देवीची शिळा आहे. तांदळाचे दोन दाणे ओले करून तिच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर जा, डावा पडला तर राहा. घरातले आंबेमोहराचे दोन दाणे निवडून काका निघाले, ते भर आषाढात!

गुरवानं कपाळावर हात मारला. "पाव्हनं, पावसाळ्यात कौल कोन लावतं? दगूड घामेजलाय. दाना हालायचा न्हाई."

"देवीला घाई न्हाई, मला न्हाई. तुला रं कसली?" काका म्हणाले आणि दाणे असे दाबून बसवले की जणू पंक्चर काढतायत.

दाणे हलले नाहीत. श्रावण गेला, दाणे जागेवर. सुट्टीला आलो की मी आधी देवीकडे धावायचो, मग घरी. भाद्रपदात ऊन पडायला लागलं, शिळा सुकणार म्हणून मी आनंदात! एका सकाळी बघतो तर काकी तिथं. चार बोटं तांब्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाणी शिंपडत होती. जपून, दाण्यांना धक्का न लावता.

"काकी, हे काय?"

ती दचकली. मग पदर सावरत म्हणाली, "देवीला उनाचा ताप हुतोय." आणि जरा थांबून, "काकाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. रेडिओ डोळ्यांसमोर ओढ्यात वाहून गेला, पण सांगितलं नाही.

दसरा झाला आणि काकी तिकडे फिरकेनाशी झाली. चार दिवसांत गुरव बोलवायला आला. आम्ही तिघं गेलो. उजवा दाणा पायथ्याशी पडला होता. "जा म्हनती," गुरव पुटपुटला.

काकांनी हात जोडले. "आई, मुदत सरली की गं. जरा आधी बोलायचं." इतका दुःखी आवाज आणि इतका सुखी चेहरा मी एका माणसाच्या ठिकाणी कधी पाहिला नाही.

"तुमच्या नशिबातच न्हाई," काकी म्हणाली. तिनं पडलेला दाणा उचलला, डावाही नखानं अलगद सोडवला, आणि दोन्ही पदराच्या गाठीला बांधले.

त्या दुपारी भाताचा भलताच घमघमाट सुटला होता. मी काकांच्या तोंडाकडे बघत बसलो, आता काय खोट निघते म्हणून. काकांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग ताट पुढे केलं आणि नुसतं म्हणाले, "वाड."

कोनाडा अजून रिकामाच आहे. परवा काकीनं त्यात पणती ठेवली.