सोमीबाईचं ‘नाही’

सोमीबाईला गावात कोणी नाही म्हणत नसे, आणि सगळी गोम तिथेच होती. बाई शाळेत खिचडी शिजवायची, पण रुबाब असा की नवे मास्तर गावात आले की आधी तिच्या चुलीपाशी हजेरी लावायचे, मग वर्गात. नवापूरपासून जीपने अर्ध्या तासावर, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं डोंगरातलं ते गाव. अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी जुन्या देवांची, आणि भांडणं मिटवायला दोन्हीकडून बोलावणं सोमीबाईलाच. सोमीबाई ख्रिस्ती, चर्चच्या मंडळीतल्या महिलांची प्रमुख. नवरा योसेफ जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगी प्रिस्किला व्याऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, मुलगा योहान शेती बघायचा आणि आईच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

सोमीबाईच्या कपाळावर दोन बारीक खड्डे होते, लहानपणीच्या कांजण्यांचे. ती ते मिरवायची. “देवीनं दोन मुके घेतले आणि सोडून दिलं,” असं हसत सांगायची. कांजण्या म्हणजे तिच्या लेखी पावसाळ्यातल्या सर्दीसारख्या. येतात, खाजतात, जातात.

आता कोणी म्हणेल, अडाणी बाई, लशीला भीत असेल. छे, तसलं काही नव्हतं. पोलिओच्या रविवारी लेकरं काखेत मारून बूथवर नेणारी तीच. गोवराच्या सुया आल्या तेव्हा नाल्यात लपलेल्या चार पोरांना कान धरून तिनेच आणलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. जी लस सरकार गावात आणतं ती घ्यायची. जी आणत नाही ती लागत नसणार. लागली असती तर सरकार गप्प बसलं असतं का?

योहानचं लग्न मे महिन्यात झालं. सून रूथ, नवापूरच्याच बाजूची, गळ्याने गोड, बोलायला कमी. जूनमध्ये प्रिस्किला दोन दिवस रजेवर आली आणि जेवता जेवता तिने रूथला विचारलं की तुला काय काय आजार झालेत. नर्सची खोडच ती. रूथ म्हणाली, गोवर झाला, कावीळ झाली, कांजण्या मात्र कधी झाल्या नाहीत.

प्रिस्किला तिथेच थांबली. “आई, हिला कांजण्यांच्या दोन सुया देऊन घेऊ. मोठेपणी झाल्या तर फार वाईट होतात, आणि पोटुशी असताना झाल्या तर विचारूच नको. एक आता, दुसरी महिन्याने. त्याच्यानंतर अजून एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, एवढंच.”

“एवढंच?” सोमीबाईने हातातला घास खाली ठेवला. “लग्नाची हळद उतरली नाही आणि तू पाळणा लांबवायला सांगतेस. ही सुई सरकारच्या यादीत आहे का?”

“नाही. बाहेरून घ्यावी लागते.”

“झालं तर मग. यादीत नाही ती लागत नाही. कांजण्यांनी कोण मेलं आहे आपल्या गावात?”

प्रिस्किलाने योहानकडे पाहिलं. योहानने ताटाकडे पाहिलं. रूथ चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होती, तिला कोणी विचारलंच नाही. जिच्या दंडात सुई जायची तिला विचारायचं राहून गेलं, आणि विषय आंब्यांवर गेला. सप्टेंबरात रूथला दिवस गेले तेव्हा सोमीबाईने शाळेत सगळ्यांना गूळ वाटला आणि मनात म्हणाली, बघ, सुयांच्या नादी लागलो असतो तर अजून वाटच बघत बसलो असतो.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, बारडोलीला ऊसतोडीला गेलेली माणसं परतली आणि त्यांच्या लेकरांबरोबर कांजण्या आल्या. पहिल्यांदा निघाल्या फुलसिंगच्या नातवाला. फुलसिंग जुन्या देवांचा माणूस. त्याने त्याच दिवशी दाराला निंबाचा डहाळा बांधला. डहाळा दिसला की त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, घरातलं कोणी बाहेर येत नाही, खपल्या गळेपर्यंत फोडणीचा वाससुद्धा नाही. ही रीत सोमीबाईच्या माहेरीही होती. पण प्रभूला मानल्यावर तिने ती सोडली. डहाळा देवीचा, आपण देवीला मानत नाही, मग डहाळा कशाला? त्या डहाळ्याबरोबर घराचं दारही बंद राहत होतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला तिला फार मोठी किंमत पडली.

आठवड्याने दीपमालाच्या दोन्ही लेकरांना फोड आले. दीपमाला मंडळीतली. मंडळीतलं कोणी आजारी पडलं की बायकांनी त्या घरी जायचं, गाणी म्हणायची, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हा सोमीबाईनेच घालून दिलेला शिरस्ता. चर्चचे पाळक इमॅन्युएल तिला म्हणाले, “बाई, या खेपेला बाहेरूनच करा. प्रार्थना अंगणातूनही पोचते.”

“आणि दीपमालाला काय वाटेल? आपण वाळीत टाकलं?” सोमीबाई म्हणाली. पाळकांनी विषय सोडला. तिला तेही नाही म्हणत नसत.

घरी येऊन तिने रूथला हाक मारली. “चल गं, गाणं तूच उचलतेस.”

रूथला सातवा महिना होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली. “आई, मला झालेल्या नाहीत. ताई म्हणाली होती ना...” त्यांच्या बोलीत सासूलाही तूच म्हणतात, आणि नणंदेलाही.

“ताई व्याऱ्याला बसून म्हणते. प्रमुखाचीच सून भिऊन घरात बसली तर बाकीच्या बायका कशा येतील? मी आहे ना बरोबर.”

मी आहे ना बरोबर! जणू सोमीबाईच्या अंगाला चिकटून कांजण्या सुनेला ओलांडून जाणार होत्या. रूथ गेली. दीपमालाची धाकटी तापाने किरकिर करत होती, कोणाकडे राहीना. रूथने तिला मांडीवर घेतलं, तासभर थोपटलं, गाणं म्हटलं. मुलगी तिच्या कुशीत झोपली तेव्हा सोमीबाईला आपल्या सुनेचा अभिमान वाटला. खरंच वाटला, खोटं कशाला सांगायचं.

चौथ्या दिवशी प्रिस्किलाचा फोन आला. गावातल्या कोणीतरी तिला कांजण्यांचं सांगितलं होतं. “आई, रूथ कोणाच्या घरी गेली नव्हती ना? गेली असेल तर आजच सांग. दहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन देता येतं, सुरतेला मिळतं. मी उद्या सकाळी गाडी करून येते आणि तिला घेऊन जाते.”

रूथ समोर बसून सुपात तांदूळ निवडत होती. फोनमधला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

“नाही गं,” सोमीबाई म्हणाली. “ती कुठे जाते? घरातच आहे.”

रूथने मान वर केली, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

का बोलली ती तसं? पुढे सोमीबाईने स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं की प्रश्नाची धार गेली, पण उत्तर काही चांगलं निघालं नाही. लेक रागावेल, बस. ‘मी जूनमध्येच सांगितलं होतं’ हे लेकीच्या तोंडून ऐकावं लागेल, तेही सुनेसमोर. तेवढ्यासाठी. आणि मनात एक आपलं होतंच की काही होत नाही, सगळ्यांना थोडंच होतं. फोन ठेवल्यावरही अजून सहा दिवस हातात होते. फोन उशाशी होता आणि लेक एका हाकेवर. बोट उचललं असतं तर पुरलं असतं. सहाही दिवस ती रूथच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकही फोड दिसला नाही म्हणून खूश होत राहिली.

पंधराव्या दिवशी रूथला ताप भरला. दुसऱ्या दिवशी अंगभर फोड. तिसऱ्या दिवशी खोकला, आणि चौथ्या दिवशी तिला बसून श्वास घेता येईना. योहानने शेजाऱ्याची गाडी मागितली. नवापूरच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि हात न लावता सुरतेची चिठ्ठी लिहिली. प्रिस्किला परस्पर तिथे पोचली. छातीत कांजण्या उतरल्या होत्या. रूथला ऑक्सिजन लावला, मग मशीन लावलं. सातव्या महिन्यातच मुलगी झाली. मूठभर जीव, दोन दिवस होता. रूथला शुद्ध आली तोवर योहान मुलीला गावी नेऊन पुरून आलासुद्धा होता. आईने मुलीला पाहिलं ते फक्त प्रिस्किलाच्या मोबाइलवर, एका फोटोत.

रूथ वाचली. महिन्याने घरी आली, अर्धी झालेली. दारात येऊन तिने आधी सासूला पाणी विचारलं.

त्यानंतर सोमीबाई खचली ती खचलीच. महिलांचं प्रमुखपण तिने सोडलं. खिचडीत दोन-दोनदा मीठ पडू लागलं. भांडण मिटवायला कोणी बोलावलं तर म्हणायची, मला काय कळतं त्यातलं. लोक समजूत घालायला येत, म्हणत, बाई, देवाची इच्छा. ती मान हलवायची आणि आतून जळायची. देवाचं नाव कशाला घेता, देवाने तर माणूस पाठवला होता, चौथ्या दिवशी फोन करून विचारलंही होतं. हे ओठांवर यायचं आणि तिथेच अडकायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सगळ्यात वाईट म्हणजे रूथ काही बोलत नव्हती. तोडून बोलली असती, आदळआपट केली असती, माहेरी निघून गेली असती तरी सोमीबाईला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण ती वेळेवर ताट वाढायची, पाय दुखले तर तेल लावून द्यायची. प्रिस्किलाही दर रविवारी फोन करायची. आई बरी आहेस ना, जेवतेस ना, आणि मग थोडा वेळ तिकडून काहीच आवाज यायचा नाही. सोमीबाईला वाटायचं, लेकीला माहीत नाही ते बरं. माहीत झालं तर ती या घराचं तोंड बघणार नाही. आणि योहानला कळलं तर? त्याच्यापुढे ती विचार करायचीच नाही.

चौदा महिने गेले. या मे महिन्यात योहान आणि रूथ पुन्हा मुलाचं बोलू लागले, आणि सोमीबाईच्या मनाने एकच गोष्ट घेतली. या खेपेला सुई आधी. तिने कोणाला न विचारता नवापूरच्या एका खाजगी दवाखान्याची वेळ घेतली, रूथला म्हणाली, चल. रूथ कुठे, कशाला न विचारता निघाली.

दवाखान्यातली नर्स सरलाबाई शहाद्याकडची, अहिराणी बोलणारी. “हाई तुनी सून शे का, माय? कसानी सुई पाहिजे?”

“कांजण्यांची. दोन असतात. दोन्ही द्यायच्या.”

डॉक्टरीण तरुण होती. तिने सोमीबाईने आणलेली रूथची सुरतेची जुनी फाइल उलटली, एका पानावर थांबली, मग हळूच मिटली. “यांना कांजण्या होऊन गेल्यात, मावशी. आता ही लस लागत नाही.”

“तरी द्या ना.”

“उपयोग नाही तिचा आता. ज्याला झाल्या नाहीत त्यालाच ती. बाळ होईल तेव्हा बाळाला द्या, पंधराव्या महिन्यात. आठवणीने द्या.”

“मागे आम्हाला सांगितलं होतं हो,” सोमीबाई म्हणाली. “मीच नको म्हटलं. आता द्या, मी काही म्हणणार नाही.”

डॉक्टरिणीने फाइल परत दिली. सरलाबाईने पुढच्या पेशंटला हाक मारली, तेव्हा रूथने सासूच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. समोर जीपवाला त्यांच्या वाटेवरच्या धानोऱ्याच्या सवाऱ्या ओरडून गोळा करत होता.

“रूथ, त्या दिवशी फोनवर मी प्रिस्किलाला खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “तू ऐकलंस. तिने इंजेक्शन आणलं असतं. पोरगी जगली असती. मीच घालवली तिला. मी आज प्रिस्किलाला सांगणार आहे.”

रूथने जीपवाल्याला थांबायची खूण केली.

“ताईला माहीत आहे,” ती म्हणाली. “सुरतेला मला मशीन लावायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, आजाऱ्याजवळ कधी गेली होतीस. मी तारीख सांगितली. ताई शेजारीच उभी होती. तिने बोटांवर दिवस मोजले आणि बाहेर निघून गेली.”

“तेव्हापासून माहीत आहे?”

“तेव्हापासून.”

“मग बोलली का नाही? तू का नाही बोललीस? चौदा महिने मी...”

“ताई म्हणाली, आई एक दिवस स्वतः सांगेल, तोवर आपण काही बोलायचं नाही,” रूथ म्हणाली. “आम्ही वाट बघत होतो. मी रोज ताट वाढताना वाट बघायचे, आई. आज सांगेल, आज सांगेल. मग मला वाटायला लागलं की तुला काही वाटतच नाही.”

सोमीबाईने तोंडाला पदर लावला. एवढ्या महिन्यांत जे आपल्यापाशी दडलंय असं ती समजत होती, ते या पोरीने तिच्यासमोर बसून रोज दोन्ही वेळा जेवताना गिळलं होतं. मूल गेलं तिचं, आणि वरून सासूच्या तोंडाकडे बघत बसायची पाळीही तिचीच. सोमीबाईला माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द एवढ्याशा कामाचा वाटेना.

“योहानला?” तिने शेवटी विचारलं.

“त्याला नाही सांगितलं,” रूथ उठली आणि पदर खोचून जीपकडे निघाली. “ते तू सांगायचं.”

योहान घरीच होता, त्या दोघींची वाट बघत. जीप अर्ध्या तासात गावात पोचणार होती.